एकेचाळिसावं वाक्य

३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आज यंत्राचा नवा बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सगळा प्रोग्राम यातच बसवायचा." मी उलटसुलट करून पाहिला. बत्तीस एमबी मेमरी. मी म्हटलं, साहेब, जुन्यात याच्या चौपट होती. ते म्हणाले, हजार बोर्ड येऊन पडलेत, आता रडगाणं नको. आणि चहाला गेले.

आमचं यंत्र पाटीएवढं आहे. ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी. मोठाली बटणं, टाईप करायचं, 'बोल' दाबायचं, यंत्र ते वाक्य बोलून दाखवतं. त्यात दोन लायब्रऱ्या आहेत. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, हे मी हिला लग्नापासून सांगतोय. तयार कामाचं गाठोडं असतं, प्रोग्रामने लागेल तेव्हा उघडायचं. एक गाठोडं आवाजाचं, नऊ एमबी, बाहेरून आणलेलं. दुसरं शब्द सुचवण्याचं, आठ एमबी. हे माझं. तीन वर्षं खपून केलंय. दोन अक्षरं दाबली की पुढचा शब्द समोर हजर. बाकी सगळं जाऊन आमच्या वाट्याला पंधरा एमबी येतात. नऊ आणि आठ सतरा. माझी झोप उडायला एवढं पुरे आहे.

टेस्टिंगच्या बाई, ज्यांना आम्ही पाठीमागे 'पणबाई' म्हणतो कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणाल्या, "पण सुचवणारी काढून टाकली तर?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. यंत्राला अक्कल आहे ती त्या लायब्ररीमुळे. ती काढली तर उरला नुसता कर्णा.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेलो होतो. ऑपरेशनला वर्ष होत आलं. स्वरयंत्र काढलं तेव्हापासून आमचं यंत्र त्याच्याकडेच आहे, जुन्या मोठ्या बोर्डवालं. त्याची बोटं औषधांनी बधिर झाली आहेत, पेन धरवत नाही. आणि अक्षर वेडंवाकडं आलं की तो कागदच फाडतो. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचलेला माणूस. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर तपासायचं. वाचणारा नेहमी दादा. लहानपणी तो मला घरीही तसंच वाचून दाखवायचा, स्वल्पविरामासकट. ही वहीसुद्धा त्यानेच दिलेली, छापखान्यातली कोऱ्या पानांची.

यंत्रातला आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा आहे. वहिनी त्याला 'भाडेकरू' म्हणते. "आमच्याकडे एक भाडेकरू ठेवलाय, भाडं देत नाही पण बोलतो गोड." दादा पहिल्यांदा चिडला होता, आता हसतो.

मी त्याला माझ्या सुचवण्याबद्दल विचारलं. कसं वाटतं, मदत होते ना? त्याने एक एक अक्षर दाबलं आणि भाडेकरू बोलला, "शब्द मला येतात. आवाज तेवढा नाही."

म्हातारा विनोदी आहे. प्रूफवाल्याला शब्द सुचवायला गेलो हीच माझी चूक.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जमलं! बसमध्ये सुचलं. दोन्ही गाठोडी एकाच वेळी उघडी हवीत कशाला? माणूस टाईप करतो तेव्हा आवाज लागत नाही. यंत्र बोलतं तेव्हा सुचवणं लागत नाही. म्हणजे टाईप करताना सुचवणारी आत. 'बोल' दाबलं की ती बाहेर, आवाजाची आत. बोलून झालं की आवाजाची बाहेर, सुचवणारी परत आत. एका खोलीत राहणाऱ्यांकडे घडीची खाट असते तसं. झोपायला उघडायची, सकाळी मिटून भिंतीला लावायची. पंधरात नऊ गेले तरी सहा एमबी मोकळे.

आणखी दोन ठिकाणी काटकसर केली. 'बोल' दाबलं की पडद्यावरचं वाक्य पुसायचं. आणि यंत्राच्या लॉगमध्ये, म्हणजे ते आपल्या कामाची नोंद ठेवतं त्यात, वाक्य ठेवायचं नाही, फक्त वेळ आणि अक्षरांची संख्या. लोकांचं खासगी बोलणं आपण कशाला साठवायचं? साहेबांना हे फार आवडलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चालतंय. फक्त 'बोल' दाबल्यापासून आवाज फुटायला चार सेकंद लागतात. एक गाठोडं बाहेर काढायचं, दुसरं उघडायचं, वेळ लागणारच. साहेबांनी पाठ थोपटली. पणबाई म्हणाल्या, "पण चार सेकंद फार होतात हो." मी म्हटलं, बाई, ज्याला आवाजच नाही त्याला चार सेकंदांचं काय! माणसं थांबतात.

रविवारी दादाला नवं यंत्र देईन. खऱ्या वापराची चाचणी त्याच्याइतकी कोण करणार? जुना बोर्ड परत आणायचाय, ऑफिसात लागतो.

१ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला बरेच जण होते. वहिनीची बहीण, तिचा नवरा, आम्ही दोघं. वहिनीच्या बहिणीने विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का. दादाने टाईप केलं, 'बोल' दाबलं. तोवर तिच्या नवऱ्याने शेजारी वारल्याची बातमी काढली. सगळे गंभीर झाले आणि भाडेकरू म्हणाला, "छान झालंय."

आधी कोणाला कळेना, मग सगळे हसू आवरता आवरता बेजार झाले. दादाही हसला. मग त्याने यंत्र ताटापासून लांब सरकवलं आणि जेवण संपेपर्यंत हात लावला नाही.

येताना ही म्हणाली, त्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, लोकांनी थोडा धीर धरायला शिकावं. ही म्हणाली, "त्याच्या दोन वाक्यांवर तूच बोललास." मला तरी आठवत नाही.

९ मार्च, सोमवार

वहिनीचा ऑफिसात फोन. भाडेकरू मुका झाला. 'बोल' दाबलं की पडदा कोरा होतो आणि काहीच ऐकू येत नाही. बंद करून चालू केल्यावर परत ठीक. लॉग मागवून पाहिला. चाळीस वाक्यं व्यवस्थित. एकेचाळिसाव्याला आवाजाची लायब्ररी आत यायला जागाच नाही.

कुठे गेली जागा? दर वेळी बाहेर काढतोय की! बाहेर काढलं की सगळं मोकळं व्हायला पाहिजे. इथेही पणबाईंनी छळलं: "पण चाळीसच्या वर कोणी मोजलंच नव्हतं ना?" नव्हतं. मी वीसवर थांबलो होतो. कपाळ माझं.

११ मार्च, बुधवार

तात्पुरती सोय करून आलो. यंत्राच्या मागे बारीक भोकात बंद-चालूचं बटण आहे, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून आत दिलंय. टाचणी लागते. दादाच्या बोटांना ते जमणार नाही, म्हणून वहिनीने रोज सकाळी टाचणी घालून बंद करायचं, परत चालू करायचं. दीड मिनिट लागतं. मग दिवसभर चाळीस वाक्यं मिळतात.

दादाला म्हटलं, जरा जपून वापर. दिवसाला चाळीस पुष्कळ झाली, मी तरी कुठे एवढी बोलतो? त्याने मान डोलावली. पणबाई म्हणत होत्या की जुनं यंत्र परत देऊन टाका. पण मग दोष सापडणार कसा? तो तर खऱ्या वापरातच दिसतोय.

दादा बारीक झालाय. जेवण जात नाही म्हणे.

२२ मार्च, रविवार

दादाच्या पलंगाशेजारी आता ऑक्सिजनचं यंत्र आलंय. त्याची घरघर चालू असते. वहिनी म्हणाली, डॉक्टरांनी फोटो काढलेत, छातीतही पसरलंय. ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण मी विषय बदलला. या डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.

दादाने बोलण्यातले सगळे फापट शब्द काढून टाकलेत. 'पाणी.' 'खिडकी.' 'नको.' मी गमतीने म्हटलं, तार करतोयस की काय? वहिनी म्हणाली, तो मोजतो. सकाळी टाचणी लावली की पलंगाच्या कठड्यावर बोटाने मोजत राहतो. संध्याकाळपर्यंत काही शिल्लक राहावं म्हणून पाण्यासाठीसुद्धा हल्ली हातच करतो.

मला अपराधी वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू. पण दोष सापडला की सगळं सुरळीत होईल. तेवढंच माझ्या हातात आहे.

२७ मार्च, शुक्रवार

पंधरा दिवस झाले, दोष सापडत नाही. सगळा प्रोग्राम ओळीन् ओळ वाचला. लायब्ररी उघडतोय, बंद करतोय, कुठे चूक नाही. सहा एप्रिलला माल बाहेर जायचाय. साहेब आता हसत नाहीत, नुसते येऊन मागे उभे राहतात. त्यांचा श्वास मानेवर लागतो.

मी हात टेकले आहेत, पण हे कोणाला सांगू? घरी सांगितलं तर ही म्हणेल, दादाकडे जाऊन ये, बरं वाटेल. गेलो की त्याचं मोजणं दिसतं. मोजणं दिसलं की माझी चूक दिसते. म्हणून जातच नाही. एवढी तीस वर्षं या धंद्यात काढली आणि एक खाट मिटता येत नाही मला.

२ एप्रिल, गुरुवार

सापडलं! सापडलं, सापडलं!

ऑफिसातल्या यंत्रांवर आकडे नीट मिळत नव्हते, रोज कोणीतरी हात लावतं. दादाचं यंत्र एकट्याच्या वापरातलं, म्हणून सकाळीच वहिनीला फोन करून ठेवला आणि चार वाजता लॅपटॉप घेऊन त्याच्याकडेच गेलो. वहिनी दार उघडून औषधं आणायला निघाली. म्हणाली, बरं झालं आलास, सकाळपासून तुझी वाट बघतोय.

दादाने मला पाहिलं आणि यंत्र उचललं. भाडेकरू म्हणाला, "बस." मी बसलो, वायर काढली. त्याने पुन्हा टाईप केलं. त्याची बोटं हल्ली फारच हळू चालतात. "एक सांगायचं होतं." मी म्हटलं, सांग रे, पण आधी पाच मिनिटं हे होऊ दे. आणि यंत्र त्याच्या हातातून माझ्या मांडीवर घेतलं.

मग एक एक आकडा टाईप करून 'बोल' दाबत गेलो आणि दर वेळी किती मेमरी शिल्लक ते लिहून घेतलं. एक. दोन. तीन. भाडेकरू मोजतोय आणि मी लिहितोय. पाच मिनिटं म्हटलं होतं, पाऊण तास गेला. दादा उशीला टेकून ऐकत होता. मधे त्याने हात पुढे केला होता, मी म्हटलं, थांब, थांब, झालंच. अडतीसला आकडे स्पष्ट दिसले. प्रत्येक वेळी बरोबर दीडशे केबी कमी. आवाजाची लायब्ररी आत आली की उच्चारांचा एक तक्ता स्वतःसाठी मांडते. मी तिला बाहेर काढतो, पण तक्ता तसाच मागे राहतो. तो उचलायला तिला आधी सांगावं लागतं, आणि मी सांगतच नव्हतो! पाहुणा गेला, सामान राहिलं. चाळीस वेळा सामान राहिलं की खोली भरली. दोन ओळींची दुरुस्ती. फक्त दोन!

मी जवळजवळ नाचलो. यंत्र दादाच्या हातात दिलं आणि म्हटलं, उद्या नवा प्रोग्राम घालतो, मग दिवसभर पोटभर बोल, कोणी मोजणार नाही. तो लगेच टाईप करायला लागला. मी चपला घातल्या होत्या, पाचची बस चुकली असती. दारातून म्हटलं, "उद्या बोलू, आता आराम कर." त्याने मान वर करून पाहिलं.

आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

५ एप्रिल, रविवार

दादा गेला. शुक्रवारी पहाटे. झोपेतच, वहिनी म्हणते.

शुक्रवारी मी नवा प्रोग्राम घेऊन जाणार होतो.

९ एप्रिल, गुरुवार

माल सोमवारी बाहेर गेला. माझ्या दोन ओळी घालून. मी रजेवर होतो, पणबाईंनी तपासून पाठवला. पाचशे वाक्यं बोलवून पाहिलं म्हणे, कुठे अडलं नाही. साहेबांनी फोनवर सांत्वन केलं आणि त्याच दमात अभिनंदनही. मी दोन्हींना धन्यवाद म्हटलं.

१४ एप्रिल, मंगळवार

वहिनीकडे गेलो. पलंग रिकामा, ऑक्सिजनवाले यंत्र घेऊन गेलेत. घरघर नाही त्यामुळे घर बहिरं झाल्यासारखं वाटतं. तिने आमचं यंत्र पुसून, टाचणीसकट पिशवीत घालून ठेवलं होतं.

मी सहज विचारलं, त्या दिवशी संध्याकाळी तो काही म्हणाला का.

"त्या दिवशी सकाळपासून तो एक शब्द बोलला नाही," ती म्हणाली. "चहा नको हेसुद्धा हातानेच. तू येणार म्हणून चाळीसच्या चाळीस वाक्यं राखून ठेवली होती. मी सहाला आले तेव्हा यंत्र हातात धरून बसला होता. बटण दाबून दाबून मला दाखवत होता, बोलत नाही म्हणून. मी म्हटलं, उद्या सकाळी टाचणी लावू."

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मला तोंड वर करवेना. पिशवी घेऊन निघालो.

१५ एप्रिल, बुधवार

लॉग उघडायचा नाही असं ठरवलं होतं. उघडला.

दोन एप्रिल. सकाळी आठ वाजून दहा, यंत्र चालू. त्यानंतर चार वाजेपर्यंत काहीही नाही. मग दोन वाक्यं त्याची. मग अडतीस माझी.

चार अठ्ठावन्न. सदतीस अक्षरं. आवाजाला जागा नाही.

तेव्हा मी जिन्यात असेन. फार तर फाटकाशी.

पाच नऊ. सदतीस अक्षरं. आवाजाला जागा नाही. 'बोल' दाबलं की वाक्य पुसलं जातं, हे मीच केलेलं. म्हणजे त्याने सगळं परत टाईप केलं, त्या बोटांनी. पाच एकवीस, पुन्हा सदतीस. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, प्रूफवालाच तो. पाच तेहेतीस, एकोणीस अक्षरं. मजकूर मावत नाही असं त्याला वाटलं असणार. छापखान्यात करतात तसा छाटला. पाच एक्केचाळीस, नऊ. पाच सत्तेचाळीस, चार.

आवाजाला जागा नाही.

काय वाक्य होतं ते नाही. खासगी बोलणं आपण कशाला साठवायचं?

लॉगच्या शेवटी एक बेरीज असते, मीच घातलेली, माझ्या लायब्ररीचं कौतुक करायला. नवं यंत्र दिल्यापासून सुचवलेले शब्द, चार हजार एकशे बारा. त्यातले वापरलेले, शून्य.

शून्य. एकदाही नाही. तिला काढून टाकलं असतं तर आवाजाचे नऊ एमबी कायमचे आत बसले असते. काही उघडायचं नव्हतं, मिटायचं नव्हतं, चार सेकंद नव्हते, चाळीस नव्हते, टाचणी नव्हती. पणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दादाने तर भाडेकरूच्या तोंडून स्वच्छ सांगितलं होतं, आणि मी ते इथे, याच वहीत, विनोद म्हणून लिहून ठेवलंय. आत्ता पान उलटून पाहिलं.

हिला सगळं वाचून दाखवायला बसलो. सदतीसपर्यंत आलो आणि पुढे वाचवेना.

१७ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसात जाऊन साहेबांना म्हटलं, सुचवणारी काढू या, पुढच्या मालात नको. ते म्हणाले, वेड लागलं का, जाहिरातीत तीच पुढे केली आहे. आता दोष तर काही उरला नाही ना? मी म्हटलं, नाही.

पणबाई माझ्या टेबलापाशी आल्या. नेहमीचा शब्द ओठावर आलेला दिसला, मग म्हणाल्या, "घरी जा तुम्ही." एवढंच.

तिथेच बसून दादाच्या यंत्रापुरता प्रोग्राम बदलला. माझी लायब्ररी काढली, आवाजाची आत ठेवली, कायमची. वीस मिनिटांचं काम.

१९ एप्रिल, रविवार

यंत्र वहिनीला परत द्यायला गेलो. तिने मागितलं नव्हतं. ऑफिसात ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं, एवढंच खरं.

ती आत भांडी घासत होती. म्हणाली, बस जरा, हात ओले आहेत. मी दादाच्या पलंगावर बसलो. यंत्र चालू होतंय ना ते बघावं म्हणून काढलं. काय टाईप करायचं सुचेना. सुचवायला आता कोणी नव्हतं. शेवटी त्या दिवशी त्याने म्हटलेलं पहिलंच टाईप केलं आणि 'बोल' दाबलं.

चार सेकंद लागले नाहीत. एकही लागला नाही. भाडेकरू खणखणीत म्हणाला, "बस."

"आले हं," आतून वहिनी म्हणाली. "एवढी दोन भांडी झाली की बसते."

मग नळ बंद झाला. ती बाहेर आली नाही आणि मीही उठून आत गेलो नाही. पाचची बस गेल्याचा आवाज आला.